साडेचारची भूक

मुलांच्या जेवणाची काळजी आपल्याकडे घरोघरी असते. पोळी किती खाल्ली, भाजी ताटाखाली लपवली का, वरणावर तूप घेतलं का, यावर आजी, आई आणि क्वचित बाबा असा तिघांचा पहारा असतो. दोन जेवणांच्या मधलं खाणं मात्र कुणाच्याच हिशोबात नसतं. ते हाताला लागेल त्यावर भागतं: चहात बुडवलेली खारी, चार बिस्किटं, फोडलेलं पाकीट, सकाळचा उरलेला वडा. 'रात्रीच्या जेवणापर्यंत जरा आधार' एवढीच त्याची किंमत. हे पुस्तक त्या आधाराबद्दल आहे. वाढत्या मुलाचं ते चौथं जेवण असतं आणि ते जेवणाइतक्याच गांभीर्याने करायला हवं, हे एकच म्हणणं पुढच्या पानांत निरनिराळ्या पदार्थांच्या निमित्ताने येत राहील.

हे म्हणणं हवेतलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आपल्या लोकांच्या पोषणगरजांचे आकडे नव्याने ठरवले. त्यांत सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज १,७०० कॅलरी धरली आहे. बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या बाईची गरज धरली आहे १,६६०. म्हणजे दुसरी-तिसरीतलं पंचवीस किलोचं पोर आणि त्याची ऑफिसात खुर्चीवर बसणारी आई यांना जवळपास सारखंच अन्न लागतं. पोरगं वाढतंय, पळतंय, म्हणून. पण आईच्या पोटात एका वेळी जेवढं मावतं तेवढं त्याच्या पोटात मावत नाही. दीड पोळी खाऊन ते 'झालं' म्हणतं आणि खरंच झालेलं असतं. दहा-बारा वर्षांचं झालं की गरज दोन हजारांच्या पुढे जाते आणि कॅल्शियम रोज ८५० मिलिग्रॅम लागायला लागतं. हे सगळं तीन ताटांत बसवायचं म्हटलं तर मूल ठासून भरावं लागेल. ठासून भरलेलं मूल पुढच्या जेवणाला तोंड फिरवतं, हे ज्यांनी भरवून पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

याच आकड्यांत आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दहा ते बारा वर्षांच्या मुलग्याला दिवसाला १६ मिलिग्रॅम लोह पुरतं. त्याच वयाच्या मुलीला २८ लागतं. पाळी सुरू होण्याचं वय तोंडावर आलेलं असतं, उंची भराभर वाढत असते. आणि नेमक्या याच वयात 'मुलगी आहे, बेताचं खाऊ दे' असं कुणीतरी घरात म्हणतं. या पुस्तकात मुलींसाठी वेगळं प्रकरण केलेलं नाही. अळीव, खजूर, हिरव्या पालेभाजीचे मुटके, मोड आलेली कडधान्यं अशी लोहाची पानं वाचताना घरातली सहावी-सातवीतली मुलगी डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे झालं.

आता नाशिकचं बोलू. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मुलांच्या खाण्याला लागणारी एकूण एक वस्तू पिकते, असं म्हटलं तर ती बढाई ठरणार नाही. निफाड-दिंडोरीला द्राक्षं, सटाणा-देवळ्याला डाळिंबं, पिंपळगावला टोमॅटो, येवला-नांदगावकडे बाजरी, रब्बीत हरभरा, आणि पश्चिमेच्या डोंगरात, म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीला नागली, वरई, उडीद, खुरासणी. बाकी महाराष्ट्र जिला नाचणी म्हणतो ती आमची नागली. डोंगरउतारावर, पावसाच्या भरवशावर, रोप लावून ती वाढवतात. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांत तिची भाकरी हे रोजचं जेवण आणि पेज ही दुपारची भूक भागवण्याची सोय. शेतावर निघालेली बाई पेजेचं भांडं बरोबर नेते आणि बांधावरची पोरं त्यातच तोंड घालतात.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेही भारताच्या पुढाकाराने. तेव्हापासून शहरात नागलीला एकदम प्रतिष्ठा आली. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या दुकानांत नागलीची बिस्किटं, नागलीच्या चकल्या, नागलीचे नूडल्स मिळू लागले, दरही तसेच. त्याच वेळी हरसूल, ननाशी, उंबरठाणकडच्या वाडीवस्तीवरच्या दुकानात गेलं की छतापासून पाच-पाच रुपयांच्या चकचकीत पाकिटांच्या माळा लोंबताना दिसतात. घरात नागलीचं कणगं आहे आणि पोराच्या हातात मसाला लावलेली मैद्या-मक्याची नळी. आईला विचारलं तर म्हणते, 'रडतो ना, मग काय करू.' आणि 'भाकरी काय, ती तर रोजचीच.' ज्या धान्याचं गरिबाचं खाणं म्हणून इतकी वर्षं हसं झालं, ते श्रीमंताच्या डब्यात गेलं आणि गरिबाच्या पोराला श्रीमंतांनी टाकलेलं पाकीट मिळालं. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत खटकणारा भाग वाटतो. पेठच्या मुलाला आणि गंगापूर रोडच्या मुलाला आज एकच वस्तू सारखी मिळते, ती म्हणजे पाकीट.

याचे परिणाम आकड्यांत दिसतात आणि दोन्ही बाजूंनी दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, ३६ टक्के कमी वजनाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांतल्या रक्तक्षयाचं प्रमाण आधीच्या पाहणीत ५४ टक्के होतं, ते ६९ वर गेलं. आणि याच पाहणीत अतिवजनाच्या मुलांचं प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर, म्हणजे दुपटीहून अधिक झालं. एकाच राज्यात, कधी कधी एकाच घरात, एक पोर वाळलेलं आणि दुसरं सुटलेलं. दोघांनाही उपाय मात्र एकाच डब्यातला लागतो.

मधल्या खाण्याचा विचार आपल्याकडे सरकारनेही केलेला आहे, तो दुष्काळाने भाग पाडलं म्हणून. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या साठी-सत्तरीतल्या माणसांपुढे 'सुकडी' एवढं नुसतं म्हणून बघा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर आणि शाळांत ती वाटली जायची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या नावाने बोटं मोडणारी माणसं सुकडीचं नाव काढलं की हसतात. भाजलेलं पीठ, गूळ, तेल-तूप; बस. पण तिच्यात मुलांच्या खाण्याचं सगळं शास्त्र आलं होतं. मूठभर खाल्लं तरी पोटाला आधार, भाजलेलं असल्याने दिवसेंदिवस टिकणारं, चमचा-ताटली न लागणारं, आणि पोराला आवडेल इतपत गोड. पुस्तकातले निम्मे लाडू या सुकडीचीच भावंडं आहेत. फक्त नुसत्या गव्हाच्या जागी नागली, फुटाण्याचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, तीळ, कारळे आले आहेत.

शाळेतलं दुपारचं जेवण पुढे कायद्याच्या आधाराने आलं. शाळांत शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला आणि आज पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं मोजमाप ठरलेलं आहे. महापालिकेच्या शाळेतल्या खिचडीला नावं ठेवणाऱ्या खासगी शाळेच्या पालकांनी आपल्या मुलाचा डबा एकदा या मापाला लावून बघावा. सॉस लावलेले ब्रेडचे दोन तुकडे आणि क्रीमचं एक बिस्किट कुठे बसतं ते कळेल. पण खिचडी असो की डबा, तो दुपारी संपतो. साडेचार वाजता, व्हॅनमधून किंवा रिक्षातून उतरल्यावर, दोन्ही मुलं सारखीच भुकेली असतात आणि त्या वेळेला कुठलंच माप नाही.

त्या वेळेला आपल्या शहरात काय होतं? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या असतात. पहिल्या पाळीचा बाप घरी आलेला असतो पण झोपलेला, दुसऱ्या पाळीची आई कामावर. सिडकोच्या, इंदिरानगरच्या फ्लॅटांत किल्ली शेजारच्या काकूंकडे. आजी असेल तर नशीब. पोराच्या हातात दहाची नोट असते आणि कोपऱ्यावर दुकान. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अति चरबी-साखर-मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० पासून आहे. महाराष्ट्राने तर शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ २०१७ मध्येच हद्दपार करायला सांगितले होते. नियम चांगला आहे. मात्र एकावन्नाव्या मीटरवर दुकान असतं आणि पोराचे पाय पन्नास मीटरांवर थांबत नाहीत. म्हणून हा प्रश्न शेवटी घरातल्या फळीवरच सुटतो.

फळी म्हणजे खरोखरची फळी. पुस्तकातल्या पाककृतींइतकंच महत्त्व मी तिला देते. मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर चार पारदर्शक बरण्या: एकीत भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे, दुसरीत ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या, तिसरीत लाडू किंवा वड्या, चौथीत दर आठवड्याला बदलणारं काहीतरी. कधी भडंग, कधी मेतकूट लावलेले पोहे, कधी खारवलेले हरभरे. शेजारी फळांची टोपली. फ्रिजमध्ये वाटीत काढून ठेवलेलं दही किंवा उकडलेलं अंडं. मूल आपल्या हाताने घेतं, कुणाला विचारत नाही, आणि आपल्या हाताने घेतलेलं असल्यामुळे कुरकुरही करत नाही. बिस्किटांचे पुडे घरात आणायचे असतील तर आणा. ते माळ्यावर ठेवा. जे डोळ्यांसमोर असतं ते पोटात जातं, मोठ्यांचंही तसंच होतं.

शेंगदाण्यांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण इतक्या स्वस्तात इतकं देणारी दुसरी वस्तू आपल्या वाणसामानात नाही. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज २३ ग्रॅम आहे. सोबत फुटाणे असले तर एका मुठीत जवळपास तिसरा हिस्सा भागला. दाण्यातल्या प्रथिनात जी उणीव असते ती डाळ-दुधाने भरून निघते, म्हणून दाण्याच्या चिक्कीवर कपभर दूध हे जुनं जोडपं योग्यच आहे. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. खवट, काळसर, बुरशी धरलेला दाणा निवडून फेकायचा, कुटात 'चालून जाईल' म्हणायचं नाही. त्या बुरशीचं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही. आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा द्यायचा नाही. तो श्वासनळीत अडकतो. कूट करा, लाडू करा.

हीच गोष्ट द्राक्षाची. नाशिककरांना हे सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण अख्खं गोल द्राक्ष छोट्या मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. उभं चिरून, चार तुकडे करून द्या. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे द्राक्षांचा पाऊस असतो, मित्राच्या मळ्यातून क्रेट येते आणि कौतुकाने दोन वर्षांच्या पोराच्या हातात घोस दिला जातो. फोटो छान येतो. तरी देऊ नका. मोठ्या मुलांना द्राक्षं खुशाल द्या, मिठाच्या पाण्यात भिजवून, नळाखाली चांगली धुऊन.

फळांत माझा कौल पेरूला आहे. थंडीत टोपल्या भरून येतो, खिशाला परवडतो, चावून खावा लागतो आणि क जीवनसत्त्वात संत्र्याच्या कितीतरी पुढे असतो. हे जीवनसत्त्व धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत करतं. म्हणून मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायचं, पोह्यांवर पिळायचं, नागलीच्या धिरड्यानंतर पेरूची फोड द्यायची. याच्या नेमकं उलट काम चहा करतो. चहातलं टॅनिन लोह अडवून धरतं. नाशिकला पाच वर्षांच्या मुलाला बशीत चहा ओतून देणारी घरं भरपूर आहेत, प्रेमाने देतात. रक्तक्षयाचे आकडे वर दिलेच आहेत. उन्हाळ्यात त्र्यंबक रस्त्याच्या कडेला पानाच्या द्रोणांत करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या बायका दिसतात. गाडी थांबवून घ्या आणि पोरांना दोन्ही हात जांभळे करू द्या.

परत नागलीकडे येते, कारण तिच्याबद्दल सध्या फार वाढवून बोललं जातं. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे खरं. धान्यांत तिच्या जवळपासही कुणी येत नाही. पण शंभर ग्रॅम नागली एका वेळी कोण खातो? एका लाडवात वीस ग्रॅम पीठ जातं, म्हणजे ७० मिलिग्रॅम. कपभर दुधात २४० च्या आसपास. तेव्हा 'मी मुलाला नागलीचा लाडू देते, दूध नाही दिलं तरी चालतं' हे गणित बसत नाही. नागली रोज, निरनिराळ्या रूपात पोटात गेली तर तिचा उपयोग: सकाळी सत्त्व, संध्याकाळी धिरडं, कधी भाकरीचा कुस्करा. तिळाचंही तसंच. सालासकटच्या तिळात कॅल्शियम भरपूर. बाजारात मिळणारे पांढरेशुभ्र, साल काढलेले तीळ दिसायला देखणे, पण त्यांतलं बरंचसं कॅल्शियम सालाबरोबर गेलेलं असतं.

सत्त्व करायची रीत पुस्तकात सविस्तर दिली आहे, पण त्यामागचं कारण इथे सांगते. नागली धुऊन रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, ते पिष्टाचे तुकडे करतं. त्यामुळे अशा पिठाची पेज पातळ राहते. साध्या पिठाची पेज दोन चमच्यांतच लापशीसारखी घट्ट होते आणि बाळाला गिळवत नाही, मग आई पाणी वाढवते, आणि बाळाच्या पोटात पाणीच जास्त जातं. मोडाच्या पिठाचे दुप्पट चमचे घातले तरी पेज ओघळती राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या गोष्टीचा रीतसर अभ्यास केला आणि मोडाच्या पिठाची चिमूट घातली तरी घट्ट पेज पातळ होते हे दाखवून दिलं. आपल्या आज्या हे पीठ कधीपासून करत होत्या. 'अंगी लागतं' एवढंच त्यांचं स्पष्टीकरण होतं, आणि ते पुरेसं अचूक होतं.

नाशिकच्या उन्हाळ्यातला एक पदार्थ मात्र मला पाककृती म्हणून लिहिता आला नाही. एप्रिलमध्ये गच्चीवर नागलीचे पापड चालू असतात. मोठ्या पातेल्यात पाण्याला आधण आलेलं, त्यात मीठ, जिरं, पापडखार. एक बाई पीठ वैरते, दुसरी लाकडी उलथण्याने दोन्ही हातांनी हाटते, घाम गळतोय. उकड तयार झाली की पहिला गोळा पापडाला जात नाही. तो वाट्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोरांना जातो. गरम, तांबूस-काळा, चकाकणारा गोळा, मध्ये अंगठ्याने केलेला खळगा आणि त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल. बोटं भाजतात, पोरं फुंकत खातात, परत येऊन उभी राहतात. खानदेशाकडे ज्वारीच्या बिबड्यांच्या वेळी असंच चालतं. पोषणाच्या दृष्टीने यात खार आणि मीठ जरा जास्तच, म्हणून रोजच्या यादीत तो बसला नाही. वर्षातून चार दिवस मात्र जरूर खाऊ घाला.

बाहेरच्या खाण्याबद्दल नाशिकमध्ये बसून सोवळेपणा करण्यात अर्थ नाही. रविवारी सकाळी अख्खं कुटुंब मिसळीला जातं. मिसळीतली मटकी मोड आलेली असते, वर कांदा-लिंबू असतं. तिचा दोष तर्रीच्या तेलात, शेवेत आणि तिसऱ्या पावात आहे. मुलाला मटकी जास्त, रस्सा बेताचा, एक पाव आणि सोबत वाटीभर दही द्या, आठवड्यातून एकदा काही बिघडत नाही. पाववड्याचं मला असं समर्थन करता येत नाही. पावात बटाटा भरून तो पुन्हा बेसनात बुडवून तळणाऱ्या माणसाच्या कल्पकतेला सलाम, पण मुलांच्या डब्यात तो नको. चिवडा घरी करा, पोहे भाजून, दाणे-डाळं भरपूर घालून.

गुळाबद्दलचा एक समज इथेच दूर केलेला बरा. गूळ घातला की पदार्थ पौष्टिक, असं धरून पुष्कळ घरांत लाडू पाकात न्हाऊ घातले जातात. शरीराच्या हिशोबात गूळही साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या दहा टक्क्यांखाली असावी, पाचखाली आली तर उत्तम. आठ वर्षांच्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे साधारण २१ ग्रॅम, चहाचे पाच चमचे. दोन लाडवांतच ते संपतात. फसफसणारं थंड पेय २०० मिलिलीटर प्यायलं तरी संपतात. म्हणून या पुस्तकातल्या लाडवांत गूळ तुमच्या सवयीपेक्षा कमी आढळेल. खजुराची गोडी आणि भाजल्याचा खमंगपणा यांवर भागवलं आहे. पहिल्या घाण्याला घरातले मोठेच नाक मुरडतील. मुलं लवकर रुळतात.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचंही तेच. 'हेल्थ ड्रिंक' असा वर्गच आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, म्हणून अशा पेयांना त्या सदरातून काढा, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांना कळवलं. तरी डबा विकत घेताना पुढच्या बाजूचा उंच उडी मारणारा मुलगा बघू नका, पाठ वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. नागलीच्या बिस्किटावर पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं आणि नागली पाम तेलाच्याही खाली असेल, तर तुम्ही मैद्याचं बिस्किट घेताय. हे वाचन चौथी-पाचवीतल्या मुलाकडून करून घ्या, त्याला गुप्तहेरगिरीची मजा येते आणि दुकानातला हट्ट निम्म्याने कमी होतो.

पुस्तक कसं वापरायचं त्याविषयी थोडं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने मराठी घरांना वाटी-चमच्याचं माप दिलं, तेच इथे ठेवलं आहे. कॅलरी-प्रथिनांचे आकडे शेवटच्या तक्त्यात एकत्र आहेत, प्रत्येक पानावर नाहीत, कारण आकडे मोजत भरवलेलं अन्न कुणालाच गोड लागत नाही. बहुतेक पदार्थ रविवारी तासाभरात करून आठवडाभर पुरतील असे निवडले आहेत. लाह्या, भडंग, धिरडी ही प्रकरणं बाबांनी आणि दहा वर्षांवरच्या मुलामुलींनी करावीत अशा बेताने लिहिली आहेत, आणि त्यांनीच ती करावीत असा माझा आग्रह आहे. साडेचारच्या भुकेचा भार आईच्या एकटीच्या डोक्यावर राहिला तर ही फळी महिनाभरात रिकामी होईल. ज्या मुलाला दाण्याची, दुधाची, अंड्याची अॅलर्जी आहे, ज्याचं वजन सतत घटतंय किंवा जे महिनोन् महिने वाढतच नाही, त्याच्यासाठी हे पुस्तक नाही. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, अंगणवाडी जवळ असेल तर तिथे वजन-उंचीचा तक्ता मांडून घ्या, तो फुकट आहे.

पहिलं प्रकरण भाजक्या दाण्या-फुटाण्यांचं आहे. त्यासाठी बाजारात जावं लागणार नाही. शेंगदाणे, फुटाणे, तीळ आणि थोडा गूळ तुमच्या घरात आत्ता असेल. आज संध्याकाळी तिथूनच सुरुवात करा, बाकीची पानं सवडीने वाचली तरी चालतील.